गिरणीच्या कट्ट्यावरच्या पंपाक्का

पंपाक्कांना एकही गोष्ट पहिल्या फटक्यात नीट करता यायची नाही. निदान चारचौघांसमोर तरी नाही. दम्याचा पंप हातात घेतला की त्या तो उलटा धरायच्या. पोराच्या नाका-तोंडाला मास्क लावायचा तर त्यांच्या हातून तो हनुवटीवरच राहायचा. पंप आधी खळखळून हलवायचा असतो, तर त्या हलवायच्याच नाहीत. इतकं सगळं चुकवून झालं की जाड भिंगाच्या चष्म्यातून समोरच्या बाईकडे बघत गप बसायच्या. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणायचंच, "अवो अक्का, असं न्हाय. द्या हिकडं." अक्का लगेच सगळं सामान तिच्या हातात देऊन मोकळ्या. "दाखवा बरं. मला कुठं येतंय?"

सुरुवातीला मला ही बाई अर्धवट वाटली. तसं वाटणारा मी एकटा नव्हतो. पुढं कळलं, ती त्यांची शिकवायची रीत होती. माणूस ऐकून विसरतं, पण दुसऱ्याची चूक काढलेली जन्मात विसरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या पेठेतल्या बायकांना तर दुसऱ्याची चूक काढायची म्हटल्यावर वेगळं शिक्षण लागतच नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान पोराला पंपाचं औषध मोठ्या माणसासारखं ओढता येत नाही. म्हणून पंपाच्या पुढं एक प्लास्टिकचं नळकांडं लावतात आणि नळकांड्याच्या टोकाला मास्क. पंप दाबला की औषध नळकांड्यात थांबतं आणि पोर आपल्या श्वासानं ते आत घेतं. हे नळकांडं अक्कांच्या कापडी पिशवीत कायम असायचं, म्हणून त्यांचं नाव पंपाक्का पडलं. खरं नाव काय होतं ते पेठेत कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. घर तेलुगू, विणकराचं. सगळी नोकरी एका दवाखान्यात लहान पोरांच्या खोलीत गेलेली. निवृत्त झाल्यावर हे काम त्यांनी आपल्या मनानं घेतलं होतं. कशाला हा व्याप, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घरी बसून काय करू आबा, सुनेशी भांडू?"

माझं शिक्षण चौथी. गाव मंगळवेढ्याकडं, ज्वारीचं. सोलापुरात आलो तो मिलमध्ये लागलो. मिल बंद पडली तसं शुक्रवार पेठेत पिठाची गिरणी टाकली. खाली गिरणी, वर घर. गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी मारायला मी कधी कारागीर बोलावला नाही, माझ्या हातानंच टाकवला. दगड बोथट झाला की आवाजावरनं मला कळतं, पीठ बघावं लागत नाही. माझ्या पिठाची भाकरी थापताना फाटत नाही, हे मी सांगत नाही, पेठेतल्या बायका सांगतात. गिरणीसमोर दगडी कट्टा होता. दळण टाकून बायका तिथं बसायच्या. पेठेतलं अर्धं राजकारण त्या कट्ट्यावर व्हायचं.

अक्का पहिल्यांदा आल्या त्या कट्टा मागायला. म्हणाल्या, दवाखान्यात बाई येते तेव्हा पोर धापा टाकत असतं. तेव्हा तिला काही सांगितलं तरी तिच्या डोक्यात जात नाही. इथं दळणाला येते तेव्हा पोर बरं असतं आणि तिला बसायला वेळ असतो. मी सरळ सांगितलं, "बाई, हितं दळण हुतं. दवाखाना न्हाय." त्या बरं म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी हातात एवढासा डबा घेऊन हजर. डब्यात दोन माणसांच्या भाकरीपुरती ज्वारी. गिऱ्हाइकाला मी नाही कसं म्हणणार? नंबर लावून त्या कट्ट्यावर बसल्या. नंबर आला की मागच्या बाईला पुढं घालायच्या, परत बसायच्या. दुपार होईपर्यंत त्यांचं दळण व्हायचं नाही आणि तोवर कट्ट्यावर त्यांची शाळा भरलेली असायची. असं त्या वर्षानुवर्षं दळत राहिल्या. हट्टी माणूस मी पुष्कळ बघितला, पण आरशाबाहेर असा दुसरा बघितला नव्हता.

गिरणीच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागायचं. मी म्हटलं, देवळात जाऊन शिकवा की, तिथं शांत असतं. तर म्हणाल्या, "ओरडून सांगितलेलं बाई घरी जाऊन ओरडून सांगते. हळू सांगितलेलं मनात ठेवते." खरं कारण वेगळं असावं, असं मला आता वाटतं. पण ते पुढं येईल.

त्यांचा आणखी एक नेम होता. पोराच्या आईला त्या कधी पहिल्यांदा शिकवायच्या नाहीत. नवी बाई आली की विचारायच्या, "घरात नाही म्हणणारं कोण आहे?" मग कुणी सासूचं नाव घ्यायचं, कुणी नवऱ्याचं, कुणी दिराचं. "त्यांना घेऊन या. तुम्ही तर ऐकणारच आहात." नागव्वा म्हणून मागच्या गल्लीतली एक म्हातारी होती. नातवाला छातीत शिट्टी वाजायची आणि ही रोज संध्याकाळी त्याला ओवा-धुपाची धुरी द्यायची. तिच्या चार सुना तिला भीत होत्या. अक्कांनी तिला धुरी बंद करा असं म्हटलंच नाही. नेहमीसारखा मास्क वाकडा लावला. नागव्वानं तो हिसकावून घेतला, नीट बसवला, वर अक्कांना चार शब्द सुनावले. अक्का म्हणाल्या, "नागव्वा, तुमच्यासारखी नजर पाहिजे. या पोराला धूर बाधतो. गल्लीत कुठनं कुठनं धूर येतो तेवढं बघाल का?" झालं. नागव्वानं मच्छरची कॉइल लावणाऱ्याला धरलं, कचरा जाळणाऱ्याला धरलं, पानटपरीवर विडी ओढणाऱ्यांनाही सोडलं नाही. एवढं झाल्यावर स्वतःच्या घरात धुरी कशी घालणार? लोक तोंडावर बोलतील. धुरीचं भांडं माळ्यावर गेलं. अक्का त्याबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

आता माझ्या घरचं. माझा मुलगा दत्ता चादरीच्या कारखान्यात जातो. सून सुजाता अक्कलकोटची. माहेरी कानडी, इथं मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्यांना एकच मुलगी, अनी. तेव्हा ती चार वर्षांची होती. हिवाळा आला की पोरीला खोकला धरायचा. मग श्वासाला शिट्टी लागायची, पोट आत-बाहेर व्हायचं, आणि तिला घेऊन दवाखान्यात पळायचं. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि पंप लिहून दिला. मी नको म्हटलं. पंप हा शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, असं आमच्याकडं सगळेच म्हणत होते. शिवाय पोरीची जात. तिच्या नावावर दमा लागला की उद्या कोण करून घेणार? बायको जिवंत असती तर तिनंही हेच म्हटलं असतं. दत्ता मान खाली घालून गप बसला. सुजाता गप बसली नाही. तिचं म्हणणं एकच होतं. इथं पोरगी जगत नसेल तर ती पोरीला घेऊन अक्कलकोटला जाईल, नाहीतर जुळे सोलापुरात खोली घेऊन राहील. ही धमकी नव्हती. ती पोकळ बोलणारी बाई नाही. घरात त्या दोघी नसल्या तर मी आणि गिरणी एवढंच उरणार होतं, हे मलाही दिसत होतं. पण दिसतं म्हणून माणूस लगेच वाकतो असं नाही.

कट्ट्यावर येणाऱ्या बऱ्याच बायकांची हीच अडचण होती. घरी पंप चालत नाही, शेजारणीला कळू द्यायचं नाही, पोरगी असेल तर अजिबातच नाही. म्हणून बायकांनी एक युक्ती काढली होती. पंप आणि नळकांडं ज्वारीच्या डब्यात घालायचं, वरनं मूठभर ज्वारी पसरायची, आणि दळणाला जाते म्हणून निघायचं. कट्ट्यावर आलं की डब्यात कोपरापर्यंत हात घालून सामान काढायचं. जाताना परत डब्यातल्या पिठात पुरायचं. मला हे माहीत होतं. बोंबलून सांगायचो, "डब्यात काय पुरलं असंल तर काढून द्या. माझा दगड फुटला तर कुनाच्या बापाचं भागायचं न्हाय." एकदोन वेळा विसरलेलं नळकांडं धान्य ओततात त्या वरच्या जाळीवर अडकलं, मी काढून परत दिलं. कुणाचं काय ते कुणाला सांगितलं नाही. माझ्या गिरणीतलं बोलणं गिरणीतच राहतं.

एकदा सकाळी गर्दी होती. घरचा डबाही ओळीत होता. सुजाता तो ठेवून कट्ट्यावर बसली होती. घरचं दळण मी मध्येच घुसवत नाही, नंबरानंच घेतो. नंबर आला, डबा उचलला, ओतला. जाळीवर ज्वारीबरोबर काहीतरी टणटणलं. मी मोटर बंद केली. वर हात घातला तर पंप.

गिरणी थांबली की पेठेत एकदम शांतता वाटते. कट्ट्यावरच्या सगळ्या बायकांनी आपापल्या डब्यात हात घालून बघितलं. प्रत्येकीचं सामान जागेवर होतं. मी विचारलं, "ह्यो कुनाचा?" मग सुजाता उठली.

"माझा हाय, मामा. अनीचा. मागल्या महिन्यापासनं देतीया मी तिला."

मी काही बोलायच्या आत तीच पुढं म्हणाली, "चालत नसंल तर तसं सांगा. मी तिला घेऊन अक्कलकोटला जाते. पण मग आनायला येऊ नका."

सगळ्या पेठेसमोर सून असं बोलते आणि मी हातात पंप घेऊन उभा. माझ्या तोंडाला काय आलं होतं ते इथं लिहीत नाही. तेवढ्यात पंपाक्का उठल्या. माझ्या हातातनं पंप घेतला, पदरानं पुसला, उलटा धरला आणि म्हणाल्या, "आबा, हा असाच धरतात ना?"

"उलटा धरलाय तुमी," मी म्हटलं.

"मग कसा?"

"कसा म्हंजे? नीट उभा धरा. आधी हलवा. नळकांडं लावा, मास्क नाकावरनं घ्या, कुटं फट ऱ्हायला नगं. पोर रडत असंल तर आधी गप करा, रडताना औषध आत जात न्हाय. एकदा दाबायचं आन् तिला आपलं आपलं पाच-सहा श्वास घेऊ द्यायचं. रोजचा पंप असला तर मागनं चूळ भरायला लावायची, तोंड पुसायचं."

बायका हसायला लागल्या. नागव्वा तर पदर तोंडाला लावून हसत होती. मला कळेना काय झालं, मग कळलं. मी काही शिकलो नव्हतो. कानावर पडत होतं तेवढंच. पण अक्का गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून का शिकवायच्या आणि बरोबर माझ्याकडं तोंड करून का बसायच्या, ते मला त्या दिवशी समजलं. घरात नाही म्हणणारं कोण, हे सुजातानं त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

तरी मी तसा सोडला नाही. बायका गेल्यावर अक्कांना विचारलं, ठीक आहे, पोरीला धाप लागली तर द्या. चांगली खेळत असताना रोज कशाला? बऱ्या माणसाला औषध दिलं तर रोगाला बोलावणं धाडल्यासारखं आहे. अक्कांनी मलाच उलटं विचारलं, मोटरच्या बेरिंगला ग्रीस कधी घालता? आवाज यायला लागल्यावर?

"आवाज आल्यावर घालून काय उपेग? आदीच घालायचं असतं."

"मग?" एवढंच म्हणून त्या डबा घेऊन गेल्या. मी पोरीच्या लग्नाचाही मुद्दा काढला होता. त्यावर त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं, "आबा, लग्नापर्यंत तिला श्वास तर घ्यायचाय."

त्यानंतर अनीला रोजचा पंप मीच द्यायला लागलो. सुजाताच्या हातून मास्कला बारीक फट राहते, माझ्या हातून राहत नाही. हे सुजाताही मान्य करते.

भोगीच्या आदल्या दिवशी गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. सगळ्या सोलापूरला एकाच दिवशी बाजरीचं पीठ पाहिजे असतं. त्या गर्दीत अनी जिन्यावरनं खाली आली ती भिंतीला धरून उभी राहिली. बोलायला गेली तर दोन शब्दांत श्वास तुटत होता. मी फ्रॉक वर करून बघितलं. बरगड्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती. अक्कांनी हीच खूण कितीदा ओरडून सांगितली होती. त्या दिवशी अक्का नव्हत्या आणि सुजाता बाजारात गेलेली. मोटर बंद केली. गिरणीत पीठ उडत होतं म्हणून पोरीला उचलून बाहेर कट्ट्यावर आणली, मांडीवर ताठ बसवली, धाप लागल्यावर द्यायचा तो निळा पंप काढला आणि सगळ्या पेठेदेखत तिला दिला. पोरगी कुणाची, दमा कुणाला, सगळ्यांनी बघितलं. मी पोरीकडं बघत होतो. मध्ये थांबून परत दिला, अक्का सांगायच्या तसा. हळूहळू तिचं पोट सैल पडलं. तरी रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं, कारण पंपानं उतार पडला तरी एवढी ओढ लागली असेल तर दाखवून यायचंच, हाही अक्कांचाच नियम. डॉक्टरांनी तपासलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि घरी सोडलं. गिरणीत अर्धवट दळलेली बाजरी तशीच पडून होती. एकाही बाईनं तक्रार केली नाही. एरवी त्या नंबरावरनं एकमेकींच्या झिंज्या धरतात.

दुसऱ्या दिवशी अक्कांना बायकांकडनं सगळं कळलं. शाबासकी देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले. ओठ निळे पडले होते का, पाणी पीत होती का, दुसऱ्यांदा द्यायच्या आधी थांबलात का. सगळी उत्तरं ऐकली आणि आपला डबा पुढं सरकवला. "फार बारीक नको आज."

मला वाटलं सुटलं सगळं. पण सुटलं नव्हतं. थंडी गेली तरी पोरीचा खोकला गेला नाही. रोजचा पंप चुकत नव्हता. होळीला सुजाता तिला घेऊन माहेरी गेली. तिथं पोरगी पळत होती, हसत होती, निळ्या पंपाला हात लावावा लागला नाही. परत आली आणि आठ दिवसांत छातीची शिट्टी सुरू. मला दिसत होतं. मी जिन्याला पडदा लावला. खिडकीच्या फटी बुजवल्या. जिन्याच्या तोंडाशी ओलं पोतं टांगलं. ते पोतं पिठानं रोज पांढरं व्हायचं.

मग एका सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी अक्का आल्या. हातात डबा नव्हता. म्हणाल्या, वर येऊ का? वर आल्या, अनीच्या अंथरुणाशेजारच्या कपाटावर बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. बोटावर पीठ होतं.

"पंप त्याचं काम करतोय, आबा. गिरणी पण तिचं काम करतीय."

मी केलेलं सगळं सांगितलं. पडदा, फटी, पोतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अनीचं पहिल्यांदा कळलं त्या दिवशीच मी हे सांगणार होते. सूनबाईंनी हात जोडले, म्हणाल्या, हे बोललात तर मामा पंपही फेकून देतील. आता तुम्ही पंप फेकणार नाही. म्हणून आता सांगते. पोरगी आणि गिरणी एका घरात नांदायच्या नाहीत."

"गिरनी गेली तर तुमचा कट्टा बी जाईल," मी म्हटलं.

"जाईल." एवढंच म्हणाल्या.

मला राग आला. इतकी वर्षं कट्टा दिला, आणि शेवटी माझ्याच घरात येऊन माझ्याच पिठाला बोट लावलं. मी म्हटलं, "तुमी बायकांना शिकवा. माझ्या गिरनीचं मी बघीन." त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा घेऊन आल्या, कट्ट्यावर बसल्या, पंप उलटा धरला. मी त्यांची ज्वारी दळून दिली. बोललो नाही. असे बरेच दिवस गेले.

तोवर दत्तानं जुळे सोलापुरात खोली बघितली. सुजातानं भांडी वेगळी काढायला सुरुवात केली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली. गिरणी बंद, म्हणून मी वर जाऊन आडवा झालो. अनी शेजारी झोपली होती. दुपारचा सगळा मोहल्ला गप. आणि मला तिचा श्वास ऐकू आला. झोपेतसुद्धा बारीक शिट्टी. सकाळीच माझ्या हातानं पंप दिला होता, फट नव्हती, सगळं बरोबर होतं. दगड बोथट झाल्याचा आवाज मला रस्त्यावरनं कळतो. पण गिरणी चालू असताना वरचं काही ऐकू येत नाही. लाईट परत येईपर्यंत मी ते ऐकत पडलो. लाईट आली, खाली गिऱ्हाईक हाका मारायला लागलं, मी उठलो नाही.

त्या संध्याकाळी दत्ताला सांगितलं, "खोलीबिली घेऊ नको. जागा मी बघतो. गिरनीला."

पलीकडच्या गल्लीत पत्र्याची शेड मिळाली. गिरणी तिकडं हलवली. पेठेत मी सांगितलं की मोटर जड झाली होती, घराच्या भिंतीला हादरे बसत होते. ते खोटं नाही, हादरे बसतच होते. बायकांनी हे कारण अक्कांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या म्हणे, "बरोबर आहे. जुन्या भिंती जपायलाच पाहिजेत."

शेडपुढं कट्टा नाही. बसायला जागा नाही, सावली नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना एवढं चालवेना, त्यांनी जवळची दुसरी गिरणी धरली. नागव्वाही गेली. कट्ट्यावरची शाळा मोडली ती मोडलीच. अक्का मग पिशवी घेऊन घरोघर फिरायला लागल्या. कट्ट्यावर एका सकाळी व्हायचं ते काम करायला त्यांना आठवडा लागायचा, गुडघे दुखायचे. माझ्याकडं दळायला मात्र त्या येत राहिल्या, सगळ्यांत लांबून. एवढासा डबा. दळण होईपर्यंत शेडच्या दारात उभ्या राहायच्या. आम्ही ज्वारीवर बोलायचो, उन्हावर बोलायचो. गिरणी का हलवली यावर एकदाही नाही.

घर आम्ही धुवून काढलं, भिंतींना रंग दिला. मी शेडमधनं आलो की बाहेरच कपडे झटकून, हातपाय धुवून आत जातो. अनी बरी झाली असं मी म्हणत नाही. अक्का तसं म्हणू द्यायच्या नाहीत. "बरी आहे म्हणा, बरी झाली म्हणू नका," असं त्यांचं होतं. रोजचा पंप अजून आहे. थंडीत एखादा दिवस वाईट जातो. पण ती शाळेत जाते, पळापळीत पुढं असते, आणि माझ्याच घरात राहते. निळा पंप तिच्या दप्तरात असतो. कुणी विचारलं तर स्वतःच सांगते हा कशाचा. तिला लाज वाटत नाही. मी शिकवलेलं नाही तिला ते.

मागल्या वर्षी अक्कांची नजर फार अधू झाली. मुलगा-सून मधल्या काळात भिवंडीला गेलेले, मुलगा न्यायला आला. बातमी मला गिऱ्हाइकाकडनं कळली. मी सहसा कुणाच्या दारात जात नाही. त्या दिवशी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दळली, मध्यम, त्यांना लागते तशी, आणि डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. शेजारी यंत्रमाग चालू होते, खडाखडा. त्या बाईचा आवाज एवढा मोठा का, ते तिथं गेल्यावर कळलं. घरात बांधाबांध चालली होती. दोन बायका दारात पोरं घेऊन बसल्या होत्या. जातानाही शिकवणं चालूच होतं.

अक्कांनी मला आवाजावरनं ओळखलं. बसा म्हणाल्या, चहा सांगितला. पिठाच्या डब्यात हात घालून चिमूट घेतली, बोटांत घोळवली आणि मान हलवली. अनीचं विचारलं, सुजाताचं विचारलं. मला वाटलं आता उठावं. तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"आबा, गिरणीचा राग अजून आहे का माझ्यावर?"

मला खोटं बोलता येत नाही. शेडमध्ये गिऱ्हाईक अर्धंसुद्धा राहिलेलं नाही. मी उभ्या आयुष्यात जे एक माझं म्हणून उभं केलं, ते त्यांच्या एका बोटानं हललं. म्हटलं, "हाय की. आन् ऱ्हानार."

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. "पोरगी पण राहिली."

चहा प्यालो आणि निघालो.